न्याय आणि कृपा : मराठी ख्रिस्ती उपदेशाची भाषा आणि तिचा श्रोता

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती साहित्याचा अभ्यास आजवर प्रामुख्याने काव्य, आत्मचरित्र, नियतकालिके आणि बायबलची भाषांतरे या अंगांनी झालेला आहे. चर्चमधील उपदेश हा वाङ्मयप्रकार मात्र या अभ्यासात सहसा बाजूलाच राहिला. तो मौखिक आहे, प्रसंगनिष्ठ आहे आणि छापला गेला तरी त्याच्याकडे केवळ धार्मिक मजकूर म्हणून पाहिले जाते, ही त्याची कारणे असावीत. वस्तुतः कीर्तनाइतकाच उपदेशही शब्दांच्या निवडीवर, दृष्टान्तांवर आणि समोरच्या श्रोत्याविषयी वक्त्याने मनाशी धरलेल्या गृहीतांवर उभा असतो. त्यामुळे वाङ्मयीन समीक्षेचे निकष त्याला लावता येतात आणि लावले पाहिजेत. प्रस्तुत लेखात ‘न्याय’ आणि ‘कृपा’ या दोन कल्पना मराठी ख्रिस्ती उपदेशात कशा बोलल्या गेल्या आणि त्या कोणाच्या कानांवर पडल्या, याचा विचार केला आहे.

श्रोत्याचा प्रश्न मूर्त व्हावा म्हणून एक गाव समोर ठेवणे उपयुक्त ठरेल. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव. जुन्नर-आंबेगावच्या या पट्ट्यातील माणसाचा धार्मिक कान घडला तो हरिनाम सप्ताहातील कीर्तनांनी. आळे येथे ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे आणि ओतूर येथे तुकोबांच्या गुरुपरंपरेशी जोडली जाणारी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांना गुरूचा अनुग्रह स्वप्नात झाला, ही कथा येथे लहान मुलालाही ठाऊक असते. न मागता, कोणताही अधिकार सिद्ध न करता, झोपेत असताना मिळालेली कृपा! असा कान असलेल्या श्रोत्यापुढे ‘देवाची कृपा’ हे शब्द उच्चारले गेले तर ते त्याला परके वाटण्याचे कारण नाही. ‘पतितपावन’ या एकाच सामासिक शब्दात दोषाची कबुली आणि उद्धाराची हमी त्याने एकत्र ऐकलेली आहे. त्याला नवे वाटेल ते कृपेच्या आधी उपदेशक जे बोलतो ते. देव न्यायासनावर बसणार आहे आणि प्रत्येकाला त्याच्यापुढे उभे राहावयाचे आहे, हे ते बोलणे.

न्यायाधीश असलेला न्याय

कर्मसिद्धान्तातही फळ चुकत नाही, परंतु तेथे निकाल देणारा कोणी नसतो. पेरले ते उगवते, इतकेच. ख्रिस्ती उपदेशातील न्याय हा एका व्यक्तीने दिलेला निवाडा आहे. वरवर पाहता ही कल्पना अधिक भयंकर वाटते. तथापि जेथे नियम आपोआप चालतो तेथे दयेचा अर्ज करावयाचा तरी कोणाकडे? न्यायाधीश आहे म्हणूनच कृपेला जागा आहे. वारकरी संतांनीही विठ्ठलाला थेट जाब विचारून कर्माच्या यंत्राला हाच छेद दिला होता. म्हणून न्यायाची कल्पना ही कृपेची वैरीण आहे, ही समजूत प्रथमच बाजूला ठेवावी लागते. ती समजूत उपदेशकांनीच पुष्कळदा रुजविली, ही गोष्ट वेगळी.

मराठीतील ‘न्याय’ या शब्दाचा पल्ला येथे महत्त्वाचा ठरतो. इंग्रजीत निवाड्याला एक शब्द आहे आणि अन्याय दूर करून वस्तुस्थिती सरळ करण्याला दुसरा. मराठीत दोन्हींना ‘न्याय’ हाच शब्द आहे. न्यायालयात न्याय दिला जातो आणि गांजलेला माणूस न्याय मागतो. ज्या हिब्रू शब्दाचा अनुवाद बायबलच्या जुन्या करारात अनेक ठिकाणी ‘न्याय’ असा होतो, त्या ‘मिश्पात’ शब्दाचाही असाच दुहेरी अर्थ आहे. या बाबतीत मराठी भाषा मूळ संहितेला इंग्रजीपेक्षा जवळची आहे. शहाण्णवाव्या स्तोत्रात परमेश्वर पृथ्वीचा न्याय करावयास येत आहे म्हणून शेत आणि त्यातील सर्व काही उल्हासते, वनातील झाडे आनंदाने गातात. न्यायाचा अर्थ केवळ शिक्षा असा घेतला तर हा आनंद अनाकलनीय ठरतो. वर्षानुवर्षे रखडलेला बांधाचा तंटा एकदाचा मिटणार, हे ऐकलेल्या शेतकऱ्याला मात्र तो समजावून सांगावा लागत नाही.

असे असूनही मराठी उपदेशाने आपल्याच शब्दाची ही श्रीमंती दीर्घकाळ वापरली नाही. त्यामागे इतिहास आहे.

गोवा : पुराण आणि न्यायासन

मराठीतील ख्रिस्ती निवेदनाचा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचा हा ओवीबद्ध ग्रंथ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापला गेला आणि पुढे १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा निघाला. देवनागरीत तो सर्वसामान्य मराठी वाचकाच्या हाती येण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. शांताराम बंडेलू यांची आवृत्ती १९५६ ची आहे. बाप्तिस्मा घेतल्यामुळे आपली पुराणे दुरावलेल्या समाजाला नवे पुराण द्यावे, ही त्याची प्रेरणा. चर्चमध्ये त्याचे वाचन होत असे, म्हणजेच ते उपदेशाचेही साधन होते. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजण्याइतके धैर्य स्टीफन्स यांच्याजवळ होते. त्यांची ओवी समजावते, कथा सांगते, श्रोत्याच्या शंकेला उत्तर देते.

परंतु त्याच भूमीवर १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन उभे होते. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने जुने आचार पाळले तर त्याला त्यापुढे उभे राहावे लागे. काही वर्षांचा खंड वगळता १८१२ पर्यंत ते चालले. अशा ठिकाणी ओवीतून ऐकलेली कृपा आणि रस्त्यावर दिसणारा न्याय यांचा मेळ श्रोत्याने कसा घातला असेल? ‘ख्रिस्तपुराणा’च्या भाषासौंदर्याची प्रशंसा करणाऱ्या समीक्षेत हा प्रश्न फारसा येत नाही. स्टीफन्स यांच्या ग्रंथाचे मोल त्यामुळे कमी होत नाही, परंतु उपदेशाचा अर्थ केवळ त्याच्या शब्दांत नसतो, उपदेशकाच्या पाठीशी कोणती सत्ता उभी आहे यावरही तो ठरतो, हे येथे स्पष्ट दिसते.

अमेरिकन मराठी मिशन : आधी भय, मग दिलासा

१८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले ते न्यू इंग्लंडमधील धर्मजागृतीच्या लाटेतून. त्या परंपरेच्या स्मृतीत जोनाथन एडवर्ड्स यांचा १७४१ चा एन्फिल्ड येथील उपदेश ठसलेला होता. ज्वाळांवर धरलेल्या कोळ्याप्रमाणे माणूस देवाच्या हाती लोंबकळत आहे, ही त्यातील प्रतिमा आजही उद्धृत केली जाते. या प्रकारच्या उपदेशाची एक ठरलेली घडण असते. प्रथम नियमशास्त्र, मग पापाची जाणीव, मग भय आणि शेवटी क्रूसावरील कृपा. श्रोत्याला आधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावयाचे आणि मग सुटकेचा हुकूम वाचून दाखवावयाचा.

ही घडण न्यू इंग्लंडमध्ये का चालली, हे समजण्यासारखे आहे. तेथील श्रोता स्वतःला नीतिमान समजणारा, चर्चमध्ये जन्मलेला, खाऊनपिऊन सुखी नागरिक होता. त्याच्या आत्मसंतुष्टतेला धक्का देणे हे त्या उपदेशाचे काम. हाच साचा १८३१ पासून अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) परिसरातील खेड्यांत आला तेव्हा श्रोता पार बदललेला होता. पुढील काळात ज्यांनी मोठ्या संख्येने हा धर्म स्वीकारला ते बहुतांशी महार आणि मांग समाजातील होते. गावाने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या दोषी ठरविलेलेच होते. विटाळाचा निवाडा त्यांच्या जन्माआधीच लागलेला होता. अशा माणसाला ‘तू दोषी आहेस’ हे सांगण्यात नवे काहीच नव्हते. त्याच्यासाठी नवी वार्ता असती ती ही की, गावाने दिलेला निवाडा वरच्या न्यायासनापुढे टिकणारा नाही.

काही उपदेशकांना हे कळले असणार, कारण शाळा, पाणवठे आणि वेठबिगार या प्रश्नांत मिशनने पुढे हात घातला. परंतु व्यासपीठावरील भाषेत तो आशय अभावानेच उतरला. भाषांतराचाही यात वाटा आहे. नव्या करारातील ज्या ग्रीक शब्दात व्यक्तीचे सदाचरण आणि समाजातील न्याय्यता हे दोन्ही अर्थ आहेत, त्यासाठी मराठी बायबलमध्ये ‘नीतिमत्त्व’ हा शब्द रूढ झाला. शब्द शुद्ध आहे, पण त्याने अर्थाचे दार एकाच बाजूने उघडले. देवाच्या न्याय्य राज्याविषयीचे वचन वाचून उपदेशक दारू, तंबाखू आणि खोटे बोलणे यांवर उतरू लागला. (भाषांतरित धर्मशब्दांचे दैव विचित्र असते. क्रूसावरील मोबदल्यासाठी बायबलमध्ये आलेला ‘खंडणी’ हा शब्द आज ऐकणाऱ्याला गुन्हेगारी टोळ्यांची आठवण देतो आणि ‘तारण’ म्हटले की पतपेढीचा कर्जाचा अर्ज डोळ्यांपुढे येतो. उपदेशकाने हे शब्द न उलगडता वापरले तर तो दोष श्रोत्याचा नव्हे.)

या प्रकारच्या उपदेशावरील सर्वांत मर्मभेदी टीका एका अख्रिस्ती विचारवंताची आहे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीविषयी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे जे इंग्रजी लेखन मरणोत्तर प्रसिद्ध झाले, त्यात त्यांनी दाखवून दिले आहे की, आपल्या अवनतीचे कारण भोवतालच्या समाजरचनेत नसून मूळ पापात आहे, असे धर्मांतरिताला शिकविले जाते. परिणामी ती रचना बदलण्याची ऊर्मीच त्याच्यात उरत नाही. ही टीका मिशनच्या हेतूंवर नाही, उपदेशाच्या आशयावर आहे. न्यायाचा अर्थ केवळ ‘माझ्या पापाचा निवाडा’ एवढाच उरला की कृपाही ‘माझी खासगी सुटका’ एवढीच उरते, हे तिच्या मुळाशी आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलितांना सवलतींबाहेर ठेवले. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. ‘न्याय’ हा शब्द या श्रोत्याच्या घरात केवळ परलोकाचा कधीच नव्हता.

टिळक आणि रमाबाई

साचा मोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न संगीताच्या वाटेने झाला. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी अहमदनगरच्या मंडळीत ख्रिस्ती कीर्तन आणले आणि रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी त्याला काव्याची उंची दिली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आल्याचे सांगितले, हे प्रसिद्धच आहे. त्यांच्या ‘अभंगांजली’तील ख्रिस्त प्रथम भेटतो तो माउलीच्या रूपात. येथे क्रम उलटला आहे. कृपा आधी येते आणि तिच्या उजेडात माणसाला आपले दोष दिसू लागतात. पूर्वोक्त सप्ताहात वाढलेल्या श्रोत्याला हा क्रम ओळखीचा वाटेल.

या पालटाचे स्वागत समीक्षकांनी मनापासून केले आहे आणि ते योग्यच आहे. तरीही एक शंका नोंदविली पाहिजे. टिळकांच्या अनुकरणात पुढे जी भक्तिगीते आणि जे उपदेश निघाले त्यांत माउली राहिली, न्यायाधीश विरून गेला. डीट्रिख बॉनहॉफर यांनी १९३७ मध्ये जर्मनीत ज्या ‘स्वस्त कृपे’विरुद्ध लिहिले, तिचे हे मराठी रूप म्हणावे लागेल. ज्या कृपेला कशाचाच निवाडा करावयाचा नाही, तिच्यात अत्याचारी आणि अत्याचारित या दोघांनाही सारखेच थोपटले जाते. स्वतः टिळक तेथे थांबले नाहीत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या शिष्यांचे जे मंडळ उभारले, त्याला नाव दिले ‘देवाचा दरबार’. हे नाव लक्षपूर्वक वाचण्याजोगे आहे. दरबारात फिर्यादही नेता येते आणि कृपाप्रसादही मिळतो. मायेच्या प्रतिमांत रमलेल्या या कवीने अखेरच्या दिवसांत न्याय देणाऱ्या जागेचे नाव निवडावे, याकडे टिळकांच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले दिसत नाही.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या बाबतीत गुंता अधिक आहे. दौंड तालुक्यातील केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जून महिन्यात जी धर्मजागृती झाली, तिच्यात मुलींनी रडत, ओरडत, तासन्‌तास आपली पापे कबूल केल्याचे तत्कालीन वृत्तान्त सांगतात. या मुली कोण होत्या? त्यांत पुष्कळ जणी १८९६–९७ च्या व त्यानंतरच्या दुष्काळांत उचलून आणलेल्या अनाथ, बालविधवा आणि टाकून दिलेल्या मुली होत्या. ज्यांच्याविरुद्ध इतरांनी पाप केले त्यांनीच पापाची कबुली द्यावी, हे दृश्य आजच्या वाचकाला अस्वस्थ करते आणि करावे. आंबेडकरांच्या टीकेची धार येथे बोथट करता येत नाही.

मात्र चित्राची दुसरी बाजूही आहे. रमाबाईंच्या स्वतःच्या साक्षीनुसार त्यांच्या मनाचा पालट भयाने झाला नाही. इंग्लंडमध्ये असताना फुलहॅम येथे समाजाने ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रियांना धर्मभगिनी मायेने वागवीत होत्या. हे पाहिल्यावर आणि शोमरोनी स्त्रीची कथा वाचल्यावर तो सुरू झाला. त्यांच्या बाबतीत कृपा हा आधी पाहिलेला व्यवहार होता, सिद्धान्त त्यांना नंतर उमगला. आणि न्याय? १८८७ च्या ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ या ग्रंथात त्यांनी एका संपूर्ण समाजव्यवस्थेलाच आरोपी म्हणून उभे केले आहे. केडगावच्या उपदेशात जो न्याय मुलींच्या अंतःकरणाकडे वळला, तोच रमाबाईंच्या लेखणीत त्या मुलींच्या बाजूने बोलतो. हे दोन्ही स्वर एका व्यासपीठावर एकत्र आले असते तर मराठी उपदेशाला स्वतःची घडण सापडली असती.

द्राक्षमळ्यातील मजूर

ती घडण कशी असू शकेल, हे एका पाठाच्या आधारे तपासता येते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या धन्याची कथा आहे. तो पहाटे मजूर लावतो, पुन्हा नऊला, बाराला, तीनला आणि अखेर दिवस मावळायला तासभर उरला असताना. संध्याकाळी सर्वांना सारखीच मजुरी देतो. सकाळपासून राबलेले कुरकुरतात. रूढ उपदेशात ही कथा मृत्युशय्येवर पश्चात्ताप करणाऱ्यालाही स्वर्ग मिळतो, एवढ्या अर्थावर संपते आणि कुरकुरणाऱ्यांना मत्सरी म्हणून फटकारले जाते.

जुन्नर-आंबेगावमध्ये द्राक्षमळा ही प्रतिमा नाही, रोजगार आहे. मजूरअड्ड्यावर संध्याकाळपर्यंत उभा राहतो तो आळशी म्हणून नव्हे. म्हातारा, अशक्त, हात अधू झालेला, मुकादमाच्या नजरेत न भरणारा असा माणूस शेवटी उरतो. कथेतले मजूरही हेच सांगतात की त्यांना कोणी कामावर लावलेच नाही. त्यांच्या पोटाला मात्र पुऱ्या दिवसाचीच मजुरी लागते. आता संहितेतील एक बारकावा पाहावा. पहाटेच्या मजुरांशी धन्याने आकडा ठरविला होता. नंतर आलेल्यांना त्याने ‘योग्य ते देईन’ एवढेच म्हटले. मूळ ग्रीकमध्ये येथे जो शब्द आहे, तो ‘नीतिमत्त्व’ ज्यापासून आला त्याच कुळातला, म्हणजे ‘न्याय्य ते देईन’ असा. संध्याकाळी दिलेली पूर्ण मजुरी ही धन्याच्या दृष्टीने औदार्य तर आहेच, पण ती त्याने न्याय्य म्हणून कबूल केलेली रक्कमही आहे. कृपा न्यायाच्या नंतर येत नाही, न्यायाची व्याख्याच ती बदलून टाकते. मराठी वाचनात ‘योग्य’ या गुळगुळीत शब्दाने हा धागा झाकला जातो. तो उलगडून दाखविणे हे उपदेशकाचे काम.

याबरोबरच कुरकुरणाऱ्यांचेही ऐकून घेतले पाहिजे. दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाचा श्रमाच्या मोलाचा आग्रह क्षुद्र नव्हे. महाळुंगे पडवळमधून मुंबईच्या गिरणीत गेलेला बाबू गेनू हा याच कष्टकऱ्यांतला. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाचा ट्रक अडवताना काळबादेवीत वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. ही तारीख दरवर्षी ख्रिस्ती पंचांगातील आगमनकाळात येते आणि पाश्चात्त्य चर्चच्या परंपरेनुसार या आठवड्यांत मृत्यू, न्याय, स्वर्ग आणि नरक या चार विषयांवर उपदेश करावयाचा असतो. या परिसरात त्या काळात न्यायावर बोलावयाचे तर कष्टकऱ्याच्या तक्रारीला मत्सर म्हणून चालणार नाही.

कथेतील धनीही तसे म्हणून मोकळा होत नाही. तो त्यांच्यापैकी एकाला बाजूला घेतो आणि ‘मित्रा’ म्हणून हाक मारतो. ठरलेले नाणे उचलून तो मजूर निघून गेला, की शेवटच्या घटकेला आलेल्या म्हाताऱ्याकडे एकवार पाहत तेथेच थांबला, हे मत्तयाने सांगितलेले नाही.